पोटावर दोनदा प्रोब फिरवला, बिलात दोन सोनोग्राफ्या. हे बरोबर आहे का?

रंकाळ्याचा_वारा | १८ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. घरात वाद पेटलाय, म्हणून इथं विचारतोय.

मागच्या रविवारी संध्याकाळी साडेसातला माझा मेहुणा (वय २९) सांगलीहून येताना उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला लाइट नाही, रेडियम नाही, काही नाही. गाडी फार जोरात नव्हती, डोक्यावर हेल्मेट होतं. पडला, उठला, बाइक स्वतः कडेला घेतली आणि मला फोन केला. मी पोचलो तर पठ्ठ्या कट्ट्यावर बसून पाणी पीत होता. हँडलचं टोक पोटात डाव्या बाजूला बसलेलं. शर्ट वर केला तर रुपयाएवढा लाल गोल, बस्स. "काही नाही दाजी, डावा खांदा तेवढा दुखतोय." खांद्याला तर खरचटलंही नव्हतं. म्हटलं पडताना मुरगळला असेल.

तरी बायकोच्या धाकानं कॅज्युअल्टीत नेलं. बीपी ११८/७६, नाडी ११२. ड्यूटीवर एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी मशीन ओढत आणलं, पोटावर जेल लावलं आणि चार ठिकाणी प्रोब टेकवून बघितलं. सगळं मिळून तीन मिनिटं. "आत्ता काही दिसत नाही, पण सोडत नाही तुम्हाला." चाळीस मिनिटांनी परत तेच. या वेळी उजव्या बरगडीखाली थांबल्या आणि मला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. लिव्हर आणि किडनीच्या मधे एक बारीक काळी रेघ. आधी नव्हती म्हणे. लगेच सीटीला नेलं, तर स्प्लीन (प्लीहा) फाटलेली, ग्रेड ३. ऑपरेशन केलं नाही. तीन दिवस आयसीयू, दोन दिवस वॉर्ड, काल घरी आला.

आता सासरेबुवांचं म्हणणं असं, की पहिल्या वेळी चुकलं आणि ती चूक झाकायला दुसरी केली, वर पैसे दोन्हीचे लावले. बिलात 'यूएसजी अ‍ॅब्डोमेन' (पोटाची सोनोग्राफी) दोनदा आहे हे खरं.

माझे प्रश्न:
पहिल्या वेळी दिसलं नाही ते का? फाटलं डावीकडं, दिसलं उजवीकडं, ते कसं? आणि शेवटी सीटीच करायचा होता तर आधीच का नाही केला?

---

उगाच_एक | रात्री ९:५२

पहिला मी. मेहुणा सुखरूप हे वाचून बरं वाटलं. ट्रॉलीवाल्याचं काय झालं?

रंकाळ्याचा_वारा | रात्री ९:५५

तो थांबलाच नाही. त्याला कळलं तरी का देव जाणे.

---

रात्रपाळी | रात्री १०:३०

मी पुण्यात इमर्जन्सीत काम करतो, त्यामुळे राहवलं नाही.

सासरेबुवांना सांगा, चूक झाली नाही. त्या मॅडमनी जे केलं त्याला 'फास्ट' म्हणतात. ती नेहमीची, उपाशी पोटी अर्धा तास चालते ती सोनोग्राफी नव्हे. फास्टमध्ये अवयव तपासत नाहीत, एकच प्रश्न विचारतात: जिथं पाणी असायला नको तिथं पाणी आहे का? लिव्हर-किडनीमधली फट, स्प्लीन-किडनीमधली फट, ओटीपोटात लघवीच्या पिशवीमागे, आणि छातीच्या हाडाखालून वर बघत हृदयाभोवती. चार जागा. आता बहुतेक जण छातीच्या दोन्ही बाजूही बघतात, फुप्फुसाभोवती हवा किंवा रक्त आहे का म्हणून. त्याला ई-फास्ट म्हणतात.

रक्त स्क्रीनवर काळं दिसतं, कारण द्रवातून आवाज परत फिरत नाही. पण ते दिसायला तेवढं साठावं लागतं. १९९५ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. रुग्णांच्या पोटात हळूहळू सलाइन सोडत गेले आणि डॉक्टरांना सांगितलं, दिसलं की बोला. लिव्हर-किडनीच्या फटीत दिसायला सरासरी ६०० मिलीच्या वर लागलं. सरावलेल्या हाताला त्याहून कमीतही दिसतं, पण दोन चमचे रक्त कुणालाच दिसणार नाही. तुमच्या मेहुण्याची स्प्लीन झिरपत होती. पहिल्या वेळी भांड्यात पुरेसं जमलं नव्हतं, चाळीस मिनिटांत जमलं.

म्हणून फास्टचं 'हो' मी मानतो. 'नाही'वर विसंबून कुणाला घरी पाठवत नाही. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८च्या आढाव्यात हेच आकड्यांत आहे: रक्त किंवा इजा असलेल्या शंभरांत फास्टनं पकडले ७४ च्या आसपास, आणि काही नसलेल्या शंभरांत ९६ जणांना बरोबर 'काही नाही' म्हटलं.

११२ नाडी बघून तिनं त्याला सोडलं नाही, ही त्या पोरीची कमाल. २९ वर्षांच्या माणसाचं बीपी शेवटपर्यंत दगा देत नाही, आणि देतं तेव्हा एकदम देतं. पाचेक लिटर रक्तातलं दीड-दोन लिटर जाईपर्यंत आकडा बरा दिसू शकतो. नाडी आधी बोलते. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याला गाठायला निघाला की मी खुर्ची सोडतो.

---

फुकटचा_सल्ला | रात्री १०:४१

म्हणजे चारातला एक सुटतो? मग असली तपासणी करायचीच कशाला? टॉस उडवा.

रात्रपाळी | रात्री १०:४८

@फुकटचा_सल्ला, टॉसमध्ये निम्मे सुटतील आणि निम्म्या धडधाकट माणसांची पोटं फाडावी लागतील.

---

जुना_टाका | १९ जानेवारी, पहाटे ५:३५

(वय झालं की झोप लवकर मोडते.)

तालुक्याच्या गावात सर्जन म्हणून सदतीस वर्षं काढली, आता निवृत्त. धागा वाचताना मी 'डावा खांदा तेवढा दुखतोय' या वाक्यावर थांबलो. रात्रपाळी, तुम्ही वरून गेलात! खांद्याला खरचटलं नाही आणि खांदा दुखतो, तर ते खांद्याचं दुखणं नव्हेच. स्प्लीनमधून निघालेलं रक्त श्वासपटलाच्या खालच्या बाजूला टेकतं. त्या पटलाची नस मानेतून उतरते आणि खांद्याच्या कातडीच्या नसाही मानेतल्या त्याच मुळांवरून निघतात. मेंदूची गल्लत होते. आम्हाला हे केरचं लक्षण म्हणून शिकवलं. पोट दाबून दुखलं नाही तरी खांदा सांगून जातो. मशीन नसताना आम्ही यावरच जगलो.

आता मशीन नसतानाचं सांगतो. १९८०च्या दशकात पोटाला मार लागलेला माणूस आला की आमच्याकडे काय होतं? हात, स्टेथो आणि सुई. पोटाच्या चार कोपऱ्यांत सुई घालून ओढायची. रक्त आलं आणि ते गोठलं नाही, तर आत रक्तस्राव. आलं नाही, तर काहीच कळलं नाही. नंतर डीपीएल करायला लागलो. ते १९६५पासूनचं तंत्र. बेंबीखाली छोटा छेद घ्यायचा, पोटात नळी सोडायची. दहा मिली रक्त सरळ ओढता आलं तर थेट टेबलावर. नाही आलं तर लिटरभर सलाइन आत सोडायचं, आणि बाटली खाली जमिनीवर ठेवून ते परत बाहेर येऊ द्यायचं. लॅबवाला घरी गेलेला असायचा. मग त्या नळीमागे पेपर धरायचा. अक्षरं वाचता आली तर थांबायचं, नाही आली तर पोट उघडायचं. हा विनोद नाही, पुस्तकातच असं होतं. आमच्या वॉर्डबॉयला या कामासाठी पेपर जपून ठेवायची सवय लागली होती.

खोट तिचीही होती. ती फार हळवी चाचणी. कितीदा पोट उघडलं आणि आत काय, तर लिव्हरला नखाएवढी चीर, तीही आपसूक थांबलेली. धुऊन परत शिवायचं आणि नातेवाइकांना तोंड दाखवायचं. वारासाहेब, तुमचा मेहुणा माझ्याकडे १९८८ साली आला असता तर त्याची स्प्लीन आज बादलीत असती. मी तरी काढलीच असती.

---

मुळा_मुठा | सकाळी ८:१०

जुना_टाका काका, पेपर धरून वाचायचं हे वाचून अंगावर काटा आला. अजून लिहा. वेगळा धागाच काढा.

उगाच_एक | सकाळी ८:१४

+१. कुठला पेपर होता, राशिभविष्याचं पान तर नव्हे?

जुना_टाका | सकाळी ८:३०

छोट्या जाहिरातींचं. अक्षर बारीक पाहिजे.

---

काळंपांढरं | सकाळी ११:०५

मी रेडिऑलॉजिस्ट, नाशिक. डावं-उजवं कोडं सोडवते.

उताणा झोपलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. पोटाची पोकळी म्हणजे सपाट परात नाही, तिला खड्डे आहेत. झोपल्यावर सगळ्यात खोल दोन: एक ओटीपोटात, दुसरा उजवीकडे लिव्हरच्या मागे. दुसऱ्याला मॉरिसनचा पाउच म्हणतात. डाव्या बाजूला मोठ्या आतड्याच्या वळणाशी एक पडदा आडवा येतो, त्यामुळे स्प्लीनचं रक्त डाव्या कडेनं सरळ खाली उतरत नाही. ते स्प्लीनभोवती आणि वर पटलाखाली साचतं (हाच काकांचा खांदा), मग ओसंडून मधल्या बाजूनं उजवीकडच्या खड्ड्यात जातं. म्हणून इजा कुठंही असो, पहिली काळी रेघ बहुतेकदा लिव्हर-किडनीमधेच दिसते. गळती गच्चीवर आणि ओल भलत्याच भिंतीला, तसं.

याच कारणानं पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी खाली केली तर फास्ट जास्त पकडतं. अंतराळ स्थानकावर अंतराळवीरांनी जमिनीवरच्या डॉक्टरांच्या सूचना ऐकत एकमेकांवर फास्ट करून पाहिलंय, २००५च्या सुमारास ते छापूनही आलं. तिथं 'खाली' म्हणून काही नसतंच, मग रक्त साचायचं कुठं, हाच प्रश्न होता.

आता माझी तक्रार. फास्टला सोनोग्राफी म्हणू नका, आणि बिलातही तसं लिहू नका. माझ्याकडे लोक येतात, "परवाच सोनोग्राफी नॉर्मल होती" म्हणत, आणि कागद बघावा तर कॅज्युअल्टीतल्या चिठ्ठीवर 'फास्ट निगेटिव्ह' एवढंच. आतडं फुटलं तर सुरुवातीला फास्टला कळत नाही. पोटाच्या मागे, किडनी-स्वादुपिंडाच्या बाजूला रक्त गेलं तर कळत नाही. कंबरेचं हाड मोडून तिथं लिटरभर साठलं तरी कळत नाही. स्प्लीन आतल्या आत चिरली पण कवच शाबूत, तर बाहेर पाणीच नाही, मग दिसणार काय? आणि उलटही आहे. दारूनं लिव्हर गेलेल्या माणसाच्या पोटात आधीच पाणी असतं, ते रक्तासारखंच काळं. फुटलेल्या पिशवीतली लघवीही काळी. रक्त गोठायला लागलं की मात्र करडं होतं, लिव्हरच्या रंगात मिसळतं आणि नवख्याला चकवतं.

---

रात्रपाळी | सकाळी ११:४०

काळंपांढरं मॅडम, सगळं मान्य. पण रात्री अडीच वाजता तुम्हाला फोन केला तर तुम्ही किती मिनिटांत येता? 😄

काळंपांढरं | दुपारी १२:०२

पस्तीस. आणि तुम्ही फोनवर "मॅडम, थोडं फ्लुइडसारखं वाटतंय" म्हणता तेव्हा निम्म्या वेळा ते जठरातलं जेवण असतं.

रात्रपाळी | दुपारी १२:०६

निम्म्या नाही हो. फार तर पाव.

---

यॉर्कशायरची_चटणी | दुपारी २:५०

लीड्सहून. इथं मोठ्या ट्रॉमा सेंटरात गंमत उलटी आहे. सीटी मशीन रिससच्या (अत्यवस्थ रुग्ण घेतात त्या खोलीच्या) शेजारी, म्हणून नाइस या इथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात: लगेच सीटी होणार असेल तर आधी फास्टमध्ये वेळ घालवू नका. आणि फास्ट निगेटिव्ह आलं म्हणून पोटात रक्त नाही असं धरू नका.

पण मी मिरजेत शिकले, त्यामुळे हे तिकडे जसंच्या तसं लागू करा म्हणणार नाही. जिथं सीटी गावाच्या दुसऱ्या टोकाला, रुग्णाला अँब्युलन्समध्ये घालून न्यायचं, तिथं बीपी ७० असलेल्या माणसाला सीटीला पाठवणं म्हणजे वाटेत सोडून देणं. बीपी पडलेलं आणि फास्टमध्ये काळं पाणी, मग सीटी नाही, थेट थिएटर. फास्ट खरं तर या माणसासाठी आहे. वारा यांचा मेहुणा स्थिर होता म्हणून सीटीची चैन परवडली. आणि सीटी झाला म्हणूनच ग्रेड कळली, आणि ऑपरेशन टळलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आलं असं मला वाटतं.

मुलांच्या बाबतीत फास्टचा प्रभाव आणखी कमी दिसलाय. कॅलिफोर्नियात ९२५ मुलांवर रीतसर चाचणी झाली, २०१७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आली. फास्ट केलं काय, नाही केलं काय, सीटी तेवढेच झाले. म्हणजे डॉक्टरांचा तरी त्या 'नाही'वर विश्वास बसला नाही.

---

फुकटचा_सल्ला | दुपारी ३:१५

म्हणजे शेवटी विश्वास नाहीच ना. मी हेच म्हणत होतो.

मुळा_मुठा | दुपारी ३:१८

तुम्ही टॉस म्हणत होतात.

---

सिस्टर_इनचार्ज | दुपारी ४:२०

डॉक्टर लोक एकमेकांशी भांडतायत तोवर मी बोलून घेते. २२ वर्षं कॅज्युअल्टी.

१. लघवीची नळी फास्टच्या आधी घालू नये! पिशवी भरलेली असली की तिच्यामागचं पाणी नीट दिसतं. दर सहा महिन्यांनी नवीन इंटर्न येतात आणि दर सहा महिन्यांनी मला ओरडावं लागतं.
२. जेल गरम पाण्यात ठेवायचं असतं, आम्ही विसरत नाही, वेळ नसतो. थंड लागलं म्हणून कुणी बोंबलला तर मला बरंच वाटतं. बोंबलणारा शुद्धीवर असतो.
३. कपडे कापले म्हणून भांडू नका. परवा एकानं जीन्सची किंमत मागितली.

उगाच_एक | दुपारी ४:२५

सिस्टर, १ आणि २ झालं, ३ वर शांत बसतो. माझीच जीन्स असावी.

---

शिवार_दवाखाना | सायंकाळी ६:००

मी जनावरांचा डॉक्टर. हसू नका, आमच्यातही फास्ट आहे. गाडीखाली आलेल्या कुत्र्याला कुशीवर झोपवायचं, चार जागा बघायच्या आणि जितक्या जागी पाणी तितके गुण, शून्य ते चार. परत परत करायचं, गुण वाढले तर रक्त चालू आहे. एकदा बघून सोडणं आमच्यातही नाही. आणि आमचा पेशंट खांदा दुखतोय असंही सांगत नाही.

तोटा एकच, आधी केस काढावे लागतात. मग मालक विचारतो, "अर्धाच का भादरला?"

---

हिशेबाची_वही | रात्री ८:३५

विमा दाव्यांच्या कामात आहे, त्यामुळे मूळ मुद्द्यावर येतो. दोनदा केलं ही लूट नाही, हे वरच्यांनी सांगितलंच. पण बिलात 'यूएसजी अ‍ॅब्डोमेन' असेल तर त्याचा सहीचा रिपोर्ट मागा. रेडिऑलॉजिस्टनं केलेली पूर्ण सोनोग्राफी आणि कॅज्युअल्टीतलं तीन मिनिटांचं फास्ट यांचा दर एकच लावला असेल तर विचारायचा हक्क तुम्हाला आहे. काही ठिकाणी फास्ट इमर्जन्सी चार्जेसमध्येच धरतात. भांडू नका, बिलिंगला शांतपणे तपशील मागा. केसपेपरवर वेळ टाकून दोन्ही फास्टची नोंद आहे का तेही बघा. ती नोंद दाव्यालाही लागते आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) झाली असेल तर पुढेही.

रंकाळ्याचा_वारा | रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कुणी हॉस्पिटलातही सांगितलं नव्हतं. केसपेपर काढून बघितला. '८:२५ फास्ट निगेटिव्ह, रिपीट', '९:०५ मॉरिसन पॉझिटिव्ह, सीटी'. मॅडमचं अक्षरही वाचता येतंय, हे विशेष.

जुना_टाका काका, खांद्याचं वाचून मेहुण्याला फोन केला. म्हणाला, मॅडमनी पहिल्यांदा विचारलं तेच "खांदा दुखतो का?" त्यानं हो म्हटल्यावर त्यांनी सिस्टरकडं बघितलं आणि सिस्टरनं न सांगता दुसरी सुई लावली. मी तिथंच उभा होतो. मला वाटलं इकडचं-तिकडचं विचारतायत.

---

सिस्टर_इनचार्ज | रात्री ९:२२

🙏 आम्हाला नजर कळते.

---

दक्षिणमुखी | रात्री ९:५०

अवांतर: हे मशीन इतकं उपयोगी आहे तर १०८च्या अँब्युलन्समध्ये का नाही? आता तर खिशात मावणारी, मोबाइलला जोडायची निघालीत. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, मधे कुठं अपघात झाला तर गाडीतच बघता नाही का येणार?

रात्रपाळी | रात्री १०:१५

या प्रश्नावर माझं डोकं दुखतं. पीसीपीएनडीटी. गर्भलिंगनिदान रोखण्याचा १९९४चा कायदा. सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन नोंदलेलं, जागा ठरलेली, वापरणारा डॉक्टर नावानिशी ठरलेला. २०१२ साली नियम आणखी कडक झाले. हलवता येणारं मशीन नोंदलेल्या दवाखान्याच्या आवारात, तिथं भरती असलेल्यांसाठीच. नाहीतर इतर बऱ्याच सेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. कॅज्युअल्टीतलं मशीन शेजारच्या इमारतीत न्यायचं तरी मी दहादा विचार करतो. जगभर इमर्जन्सीवाले स्टेथोस्कोपसारखं प्रोब वापरतात आणि आमच्याकडे कागद. छातीत रक्त शोधणाऱ्या मशीनचा आणि लिंगनिदानाचा काय संबंध?

काळंपांढरं | रात्री १०:४०

संबंध आहे. प्रोब तोच. छातीवरून चार बोटं खाली सरकवला की झालं. तुम्ही नाही करणार, दुसरा करेल.

रात्रपाळी, तुम्ही वयानं लहान असाल. हा धागा कोल्हापूरकरानं काढलाय म्हणून सांगते. २००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. शाहू महाराजांचा जिल्हा! तिथंच पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडले, म्हणजे कुठली सोनोग्राफी झाली त्याची नोंद आपोआप राहील. आम्ही रेडिऑलॉजिस्टांनी तेव्हा बोटं मोडली. गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या फॉर्म एफमध्ये एक रकाना राहिला म्हणून मशीन सील झालेले सहकारी मी बघितलेत, आणि तो जाच खराच आहे. पण कायदा उगाच आला नाही. महाराष्ट्रानं तर केंद्राच्याही आधी, १९८८ साली स्वतःचा केला होता.

रात्रपाळी | रात्री १०:५८

कायदा नको असं मी म्हणत नाही. फास्टपुरती वेगळी वाट द्या म्हणतोय. ज्या मशीनमध्ये फक्त फास्टच करता येईल, असं काही.

काळंपांढरं | रात्री ११:०४

असं मशीन बनवून दाखवा, पहिली सही माझी.

जुना_टाका | २० जानेवारी, पहाटे ५:२०

दोघेही बरोबर आहात आणि त्यामुळेच हे सुटत नाही. माझ्या गावात मशीन आलं १९९०च्या पुढे-मागे. दोन वर्षांत त्यानं किती पोटं न फाडता वाचवली ते मी मोजलं नाही. आणि त्याच मशीनपुढे सासवा सुनांना घेऊन का बसायच्या, तेही मला माहीत होतं. एकच मशीन होतं.

---

उगाच_एक | सकाळी ९:००

धागा गंभीर झाला. माझ्या पित्ताच्या खड्याच्या सोनोग्राफीत मी गमतीनं "मुलगा की मुलगी?" विचारलं होतं. डॉक्टर हसले नाहीत. भिंतीवरच्या 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' या पाटीकडे बोट दाखवलं आणि माझं आधार कार्ड परत तपासलं.

---

यॉर्कशायरची_चटणी | दुपारी १:३०

वारा, मेहुण्याला पुढचं सांगितलंय ना? स्प्लीन जाग्यावर आहे म्हणजे काम संपलं नाही. काही आठवडे बाइक नाही, वजन उचलणं नाही, कबड्डी-क्रिकेट नाही. किती आठवडे ते तुमच्या सर्जननाच विचारा, ग्रेडवर ठरतं. चक्कर आली, पोट ताठरलं, खांदा पुन्हा दुखला तर उद्याची वाट न बघता कॅज्युअल्टी. काही दिवसांनीही ती पुन्हा फुटू शकते.

रंकाळ्याचा_वारा | २३ जानेवारी, रात्री ८:१५

सांगितलंय. आज फेरतपासणी झाली, या वेळी रेडिऑलॉजिस्टकडची पूर्ण सोनोग्राफी. रेघ गेलीय. सर्जन म्हणाले, तीन महिने तालमीत पाय ठेवायचा नाही. त्यावर मेहुण्याचं तोंड अपघातापेक्षा जास्त उतरलं.

बिलिंगला तपशील मागितला. एका फास्टचे पैसे इमर्जन्सी चार्जमध्ये आधीच होते, ते वळते केले. सासरेबुवा म्हणतात, "बघ, मी म्हणत होतो." हिशेबाची_वही, तुमचं नाव सांगितलं नाही, श्रेय त्यांनीच घेतलंय.

मॅडमना भेटायला गेलो तर रात्रपाळी करून झोपायला गेल्या होत्या. सिस्टरकडं पेढे दिले.

सिस्टर_इनचार्ज | रात्री ८:३०

मॅडमपर्यंत एखादाच पोचला असेल.

रंकाळ्याचा_वारा | रात्री ८:४२

😄 आणि काल मावसभावाच्या ट्रॉलीला मागं रेडियम लावून आलो. दोन लाल पट्ट्या, दोन पिवळ्या.

शिवार_दवाखाना | रात्री ८:५०

फाळक्यावर लावलं असशील तर उपयोग नाही. ऊस भरला की वाढं मागं लोंबतं आणि सगळं झाकतं. खाली चेसिसला लाव, आणि वर उसाला लाल दिवा बांधायला सांग.

रंकाळ्याचा_वारा | रात्री ८:५३

फाळक्यावरच लावलंय. उद्या परत जातो.